पगार थांबला, खाते थांबले नाही

मागच्या वर्षी आमच्या मुलीला पुण्याच्या फार्मसी कॉलेजात प्रवेश मिळाला आणि आम्ही मायलेकी शैक्षणिक कर्जाची चौकशी करायला बँकेत गेलो. कर्ज घ्यावे की नाही, यावर घरात दोन महिने बोलणे चालले होते. सुदाचा प्रश्न होताच. तो आमच्यासारख्या कुठल्याही घरात निघतो. शेवटी माझ्या दोन बांगड्या मोडून पहिल्या वर्षाची फी भरायची आणि पुढच्या वर्षांसाठी निदान विचारून यायचे, एवढ्यावर एकमत झाले. बँकेतल्या साहेबांनी माझा पॅन नंबर घेतला, कारण विद्यार्थ्याच्या कर्जात आई किंवा वडील सहकर्जदार असतात. त्यांनी संगणकात पाहिले, पुन्हा एकदा पाहिले आणि विचारले, "टीचर, हे ओव्हरड्राफ्टचे खाते तुमचेच का?"

"नाही," मी म्हटले. "माझ्यावर कुणाचे एका पैशाचे देणे नाही."

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. माझे नाव, माझी जन्मतारीख, खात्याचा प्रकार ओव्हरड्राफ्ट. बँकेचे नाव तिथे नव्हते. एका बँकेला दुसऱ्या बँकेचे नाव या अहवालात दाखवत नाहीत, असे ते म्हणाले. खाली चौकोनांची रांग होती. प्रत्येक चौकोनात एक महिना आणि एक आकडा, तीस, साठ, नव्वद असा वाढत गेलेला. आणि खात्याच्या स्थितीसमोर एक इंग्रजी शब्द: सेटल्ड. मी खाते उघडल्याची तारीख वाचली आणि मला सगळे आठवले. मुलगी शेजारी बसून तेच वाचत होती.

२०१५ साली अब्बांचे ऑपरेशन झाले. माझे पगाराचे खाते ज्या बँकेत होते, तिने पगारावर ओव्हरड्राफ्टची सोय दिली होती. म्हणजे खात्यात पैसे नसले तरी ठरलेल्या मर्यादेपर्यंत काढता येतात, आणि जेवढे काढाल तेवढ्यावर व्याज लागते. मी चाळीस हजार काढले. कुणी म्हणेल, ते सूदच झाले, घेतलेच कशाला? प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे त्याचे चांगले उत्तर नाही. त्या रात्री हॉस्पिटलने आगाऊ रक्कम मागितली होती आणि हाताशी दुसरे काही नव्हते. अल्लाह माफ करणारा आहे.

दर महिन्याला पगार जमा झाला की त्यातून ती रक्कम आपोआप फिटत गेली. २०१८ मध्ये शाळेतल्या सगळ्यांचे पगार दुसऱ्या बँकेत गेले. तेव्हा जुन्या खात्यात उणे तीन हजार नऊशे रुपये उरले होते. मला वाटले, पगार तिथे येत नाही म्हणजे ते खाते संपले. एटीएम कार्ड कात्रीने कापून टाकले. त्याच वर्षी भाड्याची खोली सोडून आम्ही नव्या घरी आलो आणि स्वस्त पडते म्हणून मी मोबाइलचा नंबरही बदलला. बँकेची पत्रे जुन्या पत्त्यावर गेली, मेसेज जुन्या नंबरावर गेले. मी खाते विसरले. बँक विसरली नाही. तीन हजार नऊशेवर व्याज चढले, त्यावर दंड चढला.

२०२१ मध्ये शाळेच्या ऑफिसात फोन आला. मुख्याध्यापकांसमोर मला तो घ्यावा लागला. वसुलीचा माणूस बोलत होता. "मॅडम, नऊ हजार सातशे बाकी आहेत. साडेपाच हजार भरा, विषय संपला." चार हजार दोनशे वाचत होते. मी दुसऱ्याच दिवशी भरले, पावती घेतली, घरी येऊन शुक्राने की नमाज पढले.

भाषा शिकवणाऱ्या बाईने शब्दावर फसावे, ही नामुष्कीच. आपल्याकडे सेटल होणे किती चांगले! मुलगा दुबईत सेटल आहे, मुलगी सासरी सेटल झाली. स्थळ सांगताना हा शब्द आधी येतो. कर्जाच्या अहवालात त्याचा अर्थ उलटा होतो. या माणसाने पूर्ण देणे दिले नाही, बँकेने काही रक्कम सोडून देऊन प्रकरण मिटवले, असा तो शेरा आहे. पूर्ण फेडले तर क्लोज्ड लिहितात. बँकेने वसुलीची आशा सोडली तर रिटन ऑफ. ओव्हरड्राफ्टचे खाते बँकेने स्वतःहून बंद केले तरी त्यातली बाकी बंद होत नाही. ती यांपैकी एका शब्दाखाली उभी राहते आणि पुढे कुठेही पॅन नंबर दिला की समोर येते.

हा अहवाल कोण ठेवते, हे मला त्या दिवसापर्यंत नीट ठाऊक नव्हते. लोक सरसकट सिबिल म्हणतात, कारण ती आपल्या देशातली या कामाची पहिली कंपनी. आज अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क. २००५ च्या कायद्याखाली रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने त्या चालतात. बँका, सहकारी बँका आणि वित्त कंपन्या आपल्या कर्जदारांची माहिती या चौघींना पुरवतात. पूर्वी ती महिन्याला जात असे, जानेवारी २०२५ पासून दर पंधरवड्याला जाऊ लागली. हप्ता किती दिवस उशिरा भरला, याचे मागच्या छत्तीस महिन्यांचे चौकोन अहवालात असतात, आणि सगळ्याचा मिळून तीनशे ते नऊशेमधला एक गुणांक निघतो. ज्याने कधीच कर्ज घेतले नाही, कार्ड वापरले नाही, त्याला गुणांकच नसतो. पुष्कळ घरांतल्या आई-आजी या गटात आहेत, आणि त्यात वाईट काही नाही.

इथे एक घोटाळा निस्तरायला हवा. हा किस्सा मी स्टाफरूममध्ये सांगितला, तेव्हा तीन-चार जणी घाबरल्या. एकीने जुने बचत खाते बंद केले होते, दुसरीच्या खात्यात दोन वर्षे व्यवहारच नव्हता. त्यांचे काही बिघडलेले नाही. बचत खात्यात पैसे आपले असतात, म्हणजे बँकच आपली देणेकरी असते. म्हणून साध्या बचत खात्याची नोंद या अहवालात येत नाही. ते बंद केल्याने गुणांक वाढत नाही आणि घटतही नाही. दोन वर्षे ग्राहकाने व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय होते, दहा वर्षे पडून राहिलेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, तिथूनही ती वारसांना मागता येते. आपण बँकेचे देणे लागतो, तिथून अहवालाचा संबंध सुरू होतो. ओव्हरड्राफ्ट, क्रेडिट कार्ड, सोने तारण, मोबाइलचे हप्ते, जनधन खात्यावरचा दहा हजारांपर्यंतचा ओव्हरड्राफ्टसुद्धा.

मग बचत खाते उण्यात गेले तर? किमान शिल्लक ठेवली नाही म्हणून दंड लावता लावता खाते शून्याच्या खाली नेण्याची बँकांना मनाई आहे. रिझर्व्ह बँकेचा हा नियम १ एप्रिल २०१५ पासून आहे, आणि निष्क्रिय खात्यावर असा दंड लावताच येत नाही. कुणाच्या पासबुकात केवळ या दंडामुळे उणे रक्कम दिसत असेल, तर शाखेत लेखी अर्ज द्यावा आणि ती काढून घ्यावी. तोंडी सांगून परत येऊ नये. तोंडी सांगितलेले काउंटरवरच राहते.

पण खाते खाली जाण्याचे ते एकच कारण नसते. कार्डाचे वार्षिक शुल्क, चेक न वटल्याचा आकार, विम्याचा हप्ता खात्यातून जायची परवानगी दिलेली आणि खात्यात पैसे नाहीत म्हणून लागलेला दंड, त्यावर अठरा टक्के जीएसटी. अशी बाकी राहिली की बँक दोनपैकी एक करते. बहुधा ती थांबते आणि खात्यात पैसे आले की आधी आपले वळते करून घेते. आमच्या एका विद्यार्थिनीच्या खात्यात शिष्यवृत्ती जमा झाली आणि हातात निम्मीच आली, ती अशीच. तिच्या वडिलांनी साधे खाते उघडले होते, किमान शिल्लक लागणारे. मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी बेसिक बचत खाते मागून घ्यावे, त्याला किमान शिल्लक लागत नाही. दुसरे, बँक त्या उणे रकमेला तात्पुरता ओव्हरड्राफ्ट समजू शकते, म्हणजे कर्ज. तसे झाले तर माझ्यासारखी रांग सुरू होते.

पगाराच्या खात्याचा धोका यातच आहे. नोकरी चालू असेपर्यंत त्याला किमान शिल्लकेची अट नसते. पगार यायचा थांबला की काही महिन्यांत बँक त्याला साधे बचत खाते करते आणि सगळ्या अटी लागू होतात. नोकरी बदललेल्या तरुणांकडे अशी दोन-तीन खाती सहज निघतात. खाते नको असेल तर अर्ज देऊन बंद करावे. त्याआधी त्यातून जाणारे हप्ते थांबवावेत, शेवटच्या उताऱ्यावर शून्य पाहावे आणि बंद केल्याचे पत्र मागून घ्यावे. मागितल्याशिवाय ते कुणी देत नाही, असा माझा अनुभव आहे.

क्रेडिट कार्डाचेही तेच. मॉलमध्ये टेबल टाकून बसलेल्या मुलाने गोड बोलून दिलेले कार्ड कपाटात पडून असते आणि दुसऱ्या वर्षी वार्षिक शुल्क लागते. देणे शून्य करून कार्ड बंद करा असे कळवले, तर बँकेने सात कामाच्या दिवसांत ते बंद करायला हवे. नाही केले तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे पाचशे रुपये तिने ग्राहकाला द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे.

"आम्ही कर्जच घेत नाही, आम्हाला काय करायचे?" असे म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत, आणि त्यांचा तो निश्चय मला आदराचा वाटतो. पण हा अहवाल आता कर्जापुरता राहिलेला नाही. एका सरकारी बँकेत निवड झालेल्या उमेदवाराची नेमणूक जुन्या थकबाकीच्या नोंदीमुळे रद्द झाली. तो न्यायालयात गेला आणि २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने बँकेचा निर्णय योग्य ठरवला. बँकेच्या परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली आज आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. त्यांनी स्वतःचा अहवाल आधी पाहिलेला बरा. चारही कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट देतात. पॅन नंबर आणि मोबाइल एवढ्यावर तो मिळतो. त्यात कधी आपण न घेतलेले कर्जही निघते. मित्राला जामीन राहिलो असू तर त्याचे कर्जही आपल्या नावाखाली दिसते. जामीनकीची सही आपण चहा पिता पिता करतो.

माझ्या प्रकरणाचे पुढे काय झाले ते सांगते. जुन्या बँकेत गेले तर तिथल्या बाई म्हणाल्या, "मिटलेले प्रकरण कशाला उकरता?" मी परत आले. आठ दिवसांनी लेखी अर्ज घेऊन गेले: सोडून दिलेले चार हजार दोनशे रुपये मला भरायचे आहेत, ते भरून घ्या, कोणतेही देणे बाकी नसल्याचा दाखला द्या आणि खात्याची नोंद पूर्ण फेडून बंद अशी करा. बँकेवर हे मान्य करायची सक्ती नसते. माझ्या शाखा व्यवस्थापकांनी मान्य केले, शुक्र आहे. दाखला तीन आठवड्यांनी मिळाला. दोन महिन्यांनी चारही अहवाल मागवले. तिघांत क्लोज्ड झाले होते, चौथ्यात तोच सेटल्ड. त्या कंपनीकडे दाखल्यासह तक्रार केली. चुकीची नोंद तीस दिवसांत दुरुस्त झाली नाही तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते, हा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. मला ती मागायची वेळ आली नाही, सव्विसाव्या दिवशी दुरुस्ती झाली. याउपरही कुणी दाद देत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, त्याला पैसे पडत नाहीत. उशिराचे चौकोन मात्र दुरुस्त होत नाहीत, कारण ते खरे होते. ते छत्तीस महिन्यांत हळूहळू मागे सरकतात.

केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले होते की, केवळ विद्यार्थ्याचा सिबिल गुणांक कमी म्हणून शैक्षणिक कर्ज नाकारू नये. वाचून बरे वाटले. पण फी भरायची तारीख पंधरा दिवसांवर असताना कोर्टात कोण जाते? मुलीच्या दुसऱ्या वर्षाची फी माझ्या भावाने कर्ज-ए-हसना म्हणून दिली. मी म्हटले, कागद करू. तो रागावला. "आपा, तुझ्यामाझ्यात कागद?" मी त्याला सूरह बकराची दोनशे ब्याऐंशीवी आयत दाखवली. अख्ख्या कुरआनातली सर्वांत मोठी आयत, आणि तिचा विषय देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवणे. रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, असे तिच्यात बजावले आहे. कागद झाला, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या. एक प्रत त्याच्याकडे, एक माझ्या कपाटात.

हे सगळे घरात कळल्यावर एका संध्याकाळी माझ्या धाकट्या दिराने एक फुगलेले पाकीट आणून माझ्यासमोर ठेवले. "भाभी, हेपण वाचून द्या. कुणाला सांगू नका." तो शारजाला एसी दुरुस्तीच्या कंपनीत होता. २०२० मध्ये कंपनी बसली आणि तो सरकारने सोडलेल्या विमानाने घरी आला. तिथल्या बँकेतले पगाराचे खाते आणि त्याच बँकेचे क्रेडिट कार्ड तसेच राहिले. कार्डावर सहा हजार दिरहम होते. फोन यायचे, त्याने सिम बदलले. मग आमच्या सासऱ्यांच्या फोनवर यायला लागले, आणि तेव्हापासून सासरे अनोळखी नंबर उचलत नाहीत.

कोकणातल्या ज्या घरातून कुणी आखातात गेले आहे, त्या घराला हे चित्र नवीन नसेल. परत येताना माणूस सामानाचे वजन दहादा करतो, घरच्यांसाठी खजूर-अत्तर घेतो. बँकेत जायचे राहून जाते. तिथल्या अनेक बँकांत तीन हजार दिरहम किमान शिल्लक लागते, नसली तर महिन्याला पंचवीस दिरहम जातात. पगार जमा होत असतो तोवर हे शुल्क लागत नाही. पगार थांबला की लागते. माझ्या खात्याची जी गत झाली तीच तिथे होते, फक्त नोटा वेगळ्या.

संयुक्त अरब अमिरातीत आपल्या सिबिलसारखी अल इत्तिहाद क्रेडिट ब्युरो आहे. २०१४ पासून ती अहवाल देते, आणि बँकांबरोबर टेलिफोन कंपन्यांची थकबाकी आणि न वटलेले चेकही त्यात येतात. तिची नोंद आपोआप भारतातल्या अहवालात येत नाही. दोन्ही दप्तरे वेगळी आहेत. म्हणून पुष्कळ जणांना वाटते, विमानात बसलो की सुटलो. माझ्या दिरालाही तसेच वाटत होते. पण १७ जानेवारी २०२० रोजी भारत सरकारने अमिरातीच्या न्यायालयांना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ खाली मान्यता दिली. म्हणजे तिथल्या न्यायालयाने पैशांच्या दाव्यात दिलेला हुकूमनामा इथल्या जिल्हा न्यायालयात दाखल करून त्याची अंमलबजावणी मागता येते. सहा हजार दिरहमांसाठी कुणी रत्नागिरीपर्यंत येईल का, असा हिशेब लोक मांडतात. मोठ्या रकमेचा हिशेब वेगळा. आणि दिराला तर पुन्हा जायचे आहे. दुबईच्या एका कंपनीने त्याला बोलावले आहे.

त्याची खरी भीती चेकची होती. पूर्वी कर्ज किंवा कार्ड देताना तिथल्या बँका हमीचा सही केलेला चेक घेत, आणि तो वटला नाही तर पोलिसात तक्रार होई. विमानतळावर थांबवलेल्या माणसांच्या गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत. जानेवारी २०२२ पासून तिथला कायदा बदलला. खात्यात पुरेसे पैसे नसल्याने चेक परत जाणे हा आता बहुतांश दिवाणी मामला आहे. देणे मात्र देणेच राहिले आणि जुन्या तक्रारीची चौकशी केल्याशिवाय तिकीट काढू नये, हे मी त्याला सांगितले.

आम्ही दोघांनी मिळून बँकेला मेल लिहिली. त्याने पासपोर्ट नंबर आणि खाते क्रमांक दिला, मी इंग्रजी दुरुस्त केले. आज एकूण किती देणे आहे ते लेखी कळवा, एवढेच विचारले. इथे फोन करणाऱ्या वसुलीवाल्याला एक पैसा रोख द्यायचा नाही, हे आधी ठरवले. त्याला बँकेने नेमल्याचे पत्र मागितले, तेव्हा तो पंधरा दिवस गप्प झाला. बँकेचे उत्तर अकराव्या दिवशी आले: व्याज धरून नऊ हजार आठशे दिरहम. सासऱ्यांनी तो आकडा मला दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, "मय्यतीच्या नमाजाआधी पुकारतात ना, मरहूमकडे कुणाचे देणे असेल तर वारसांना भेटा. बँक थोडीच सफमध्ये उभी असते?"

आमच्या नबी (स.) यांच्यासमोर जनाजा आणला जाई, तेव्हा मरणाऱ्यावर कर्ज आहे का, हे ते विचारत. एकदा देणे फेडायची तजवीज नव्हती, तर अबू कतादा (रजि.) यांनी ते स्वतःवर घेतले, मग नमाज झाली. वारशाची वाटणीही वसीयत आणि देणे चुकते केल्यावरच करायची, हे सूरह निसामध्ये आहे. आपल्या देशाचा कायदा इथे फार लांब नाही. वडिलांचे कर्ज त्यांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेतून वसूल होते. वारसाला वारशात जेवढे मिळाले, त्यापलीकडे त्याच्या कमाईतून मागता येत नाही. तो स्वतः सहकर्जदार किंवा जामीन नसेल तर त्याच्या अहवालावरही ते चढत नाही. वसुलीवाले फोनवर मुलांना वेगळेच सांगतात. मरहूमच्या खात्यांची यादी घरात नसते म्हणून मुले घाबरतात आणि कधी नको ते भरतात, कधी द्यायचे ते राहून जाते.

त्या रात्री आम्ही वही काढली. घरातल्या प्रत्येकाने आपली खाती लिहायची: कुठली बँक, कुठली शाखा, कोणता मोबाइल नंबर दिला आहे, वारस कोण नेमला आहे, कशावर काय देणे आहे. यजमानांची दोन खाती अशी निघाली, जी त्यांना स्वतःलाही आठवत नव्हती. एकात सातशे रुपये होते. सासूबाईंच्या नावावर महाडच्या शाखेत एक जुने खाते असावे, असे त्यांना पुसट आठवते. रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर नाव टाकून बेवारस ठेवी शोधता येतात, तिथे मुलगी शोधते आहे. सासूबाईंचे नाव तीन प्रकारे लिहिले जाते, त्यामुळे वेळ लागतो आहे.

दिराला बँकेने व्याजात सूट देऊ केली. पण माझ्या अनुभवावरून त्याने आधी विचारून घेतले की, सूट घेतली तर तुमच्या दप्तरात काय लिहाल? उत्तर आले, पूर्ण रक्कम भरली तरच निर्देयता पत्र मिळेल, ज्याला तिथे नो लायबिलिटी लेटर म्हणतात. चार हप्ते ठरले. शारजात असलेला त्याचा मित्र बँकेत भरतो आणि पावतीचा फोटो पाठवतो. तीन हप्ते गेले आहेत. दुबईच्या कंपनीने महिनाअखेरपर्यंत थांबायचे कबूल केले आहे. चौथा हप्ता येत्या सोमवारी आहे.